सुईच्या आधी नमुना: गोठ्याच्या औषधपाण्याचा हिशेब

जनावराने वैरणीला तोंड लावले नाही की बहुतेक घरांतून पहिला फोन जातो तो ओळखीच्या औषध दुकानदाराला, नाहीतर गावात सुई टोचून देणाऱ्या माणसाला. तो लगेच येतो, ताप उतरायची एक आणि प्रतिजैविकाची एक अशा दोन सुया देतो. दुसऱ्या दिवशी गाय थोडे खाते, तिसऱ्या दिवशी पुन्हा बसते. मग सलाईन, मग दुसरे प्रतिजैविक, आणि अखेरीस तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावणे. तोवर खिशातून तीन-चार हजार गेलेले असतात आणि आजार कोणता हे मात्र कोणालाच माहीत नसते.

दुधाच्या धंद्यात औषधपाण्याचा खर्च फार वाढला, ही तक्रार खरी आहे. पण त्या खर्चाची फोड करून पाहिली तर डॉक्टरांची फी आणि सरकारी शुल्क हा त्यातला लहान भाग निघतो. मोठा भाग असतो तो अंदाजाने टोचलेल्या सुयांचा आणि वाया गेलेल्या दिवसांचा. निदान ही गोठ्यातली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे, आणि आपण तिच्यावरच सर्वांत कमी खर्च करतो. म्हणून कोणती सेवा फुकट आहे, कशाला पैसे पडतात आणि कुठे घातलेला पैसा वसूल होतो, हे पाहताना इथे निदानाला जास्त जागा दिली आहे.

कोणाला बोलवायचे

गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना बहुधा जिल्हा परिषदेचा असतो. श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक, म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतात. श्रेणी २ चा दवाखाना पशुधन पर्यवेक्षक सांभाळतात. हा फरक माहीत असणे पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे पशुवैद्यकीय व्यवसाय करायचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराला आहे. पदविकाधारकाने प्रथमोपचार आणि किरकोळ सेवा द्यायच्या, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. पर्यवेक्षक मंडळी लसीकरण, रेतन, जखमेची मलमपट्टी मन लावून करतात आणि गावाला त्यांचा मोठा आधार आहे. पण गाय अडली असेल, पोट फाडून वासरू काढायचे असेल, किंवा ताप चौथ्या दिवशीही उतरत नसेल, तर थेट श्रेणी १ ला किंवा तालुक्याच्या सर्वचिकित्सालयाला फोन करावा. मधला एक मुक्काम टळला की एक दिवस वाचतो.

सरकारी दवाखान्यातले केसपेपर व उपचाराचे शुल्क नाममात्र असते. दर शासन ठरवते, त्यामुळे दवाखान्यात गेल्यावर दरफलक विचारा आणि दिलेल्या रकमेची पावती घ्या. पावतीचा उपयोग पैशापुरता नाही. आजार, तारीख आणि उपचार यांची ती नोंद असते. पुढे विम्याच्या दाव्याला आणि दुसऱ्या डॉक्टरांना हीच नोंद लागते.

१९६२ हा टोल फ्री क्रमांक आता फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे. केंद्राच्या योजनेत साधारण एक लाख पशुधनामागे एक गाडी असा हिशेब धरला आहे. गाडीत पशुवैद्यक, सहायक आणि चालक असतात. तपासणीची, उपचाराची आणि लहान शस्त्रक्रियेची साधने असतात. गाडी व तिची बांधणी यांचा खर्च केंद्राने उचललेला आहे, आणि चालवण्याचा खर्च महाराष्ट्रात केंद्र व राज्य ६०:४० असा वाटून घेतात. फोनवर चार गोष्टी नेमक्या सांगितल्या तर गाडी तयारीने येते: जनावराचा बारा अंकी बिल्ला क्रमांक, किती महिन्यांची गाभण किंवा व्यायला किती दिवस झाले, आजार कधीपासून आणि आधी कोणती सुई दिली. गाडी एक आणि गावे अनेक, म्हणून दूध कापण्यापासून जार अडकण्यापर्यंत सगळ्यालाच तिची वाट पाहत बसू नका. पोटफुगीने गाय आडवी पडली असेल तर जो नोंदणीकृत डॉक्टर सर्वांत आधी पोचेल, त्याला बोलवा. खाजगी डॉक्टरांची घरभेट काही शे रुपयांची असते, रात्रीची जास्त, आणि अंतर वाढेल तसे पेट्रोल वेगळे. फी आधी विचारण्यात संकोच करू नये. चांगले डॉक्टर भेटीची फी आणि औषधाचा खर्च वेगवेगळा सांगतात.

फुकट आहे ते आधी पदरात पाडा

कानातला पिवळा बिल्ला हे आता गोठ्याचे आधार कार्ड आहे. बारा आकडे, आणि त्यावर भारत पशुधन प्रणालीत जनावराची नोंद. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री व वाहतूक करू नये, असा शासनाचा आदेश आहे. दवाखान्याच्या सेवाही बिल्ल्याशी जोडल्या आहेत. बिल्ला तुटला किंवा ओरबाडून निघाला तर त्याच आठवड्यात नवा मारून जुन्या क्रमांकाशी जोडून घ्या. विकत आणलेल्या गायीचा बिल्ला तुमच्या नावावर झाला का, हेही त्याच फेरीत पाहून घ्या. अडचण येते ती गाय मेल्यावर, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

लाळ्या-खुरकुताची लस राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात पूर्ण मोफत आहे. हा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याने बूस्टर आणि मग दर सहा महिन्यांनी एक. याच कार्यक्रमात ब्रुसेलाची लस आहे. ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, जन्मात एकदाच. ही एकच सुई चुकली तर पुढे गाभडण्याचा धोका गोठ्यात राहतो आणि तोच रोग गाभडलेले वासरू उघड्या हाताने उचलणाऱ्या माणसाला होतो. सांधे धरणे, उलटसुलट ताप, महिनोन्महिने औषध. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या तोंडावर, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची. यांतल्या बऱ्याच लसी पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात.

लस टोचली की एक-दोन दिवस दूध कमी येते, म्हणून पुष्कळ घरांत लसीकरणाच्या दिवशी गाय मळ्यात नेली जाते. हिशेब करून पाहा. बारा लिटरची गाय दोन दिवस दोन-दोन लिटर कमी देईल. ३२ रुपये दर धरला तर तोटा १२८ रुपयांचा. लाळ्या-खुरकूत झाला तर त्या वेतातले दूध पहिल्यासारखे क्वचितच वर येते. काही गायी पुढे उन्हात धापा टाकतात, गाभण राहायला त्रास देतात. २०२२ च्या लम्पी साथीने राज्याला हेच दाखवले. तेव्हा शासनाने मृत गायीला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत दिली. त्या रकमेत तशीच दुसरी गाय आणता आली असे गोठे थोडेच असतील.

नमुना

आता मुख्य गोष्ट. पशुरोगांच्या प्रयोगशाळेशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यात इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने झाली. वस्तीच्या मधोमध साथीच्या रोगांचे जंतू हाताळणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. आज पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि तीच पश्चिम विभागाची प्रादेशिक रोगनिदान प्रयोगशाळा आहे. महाराष्ट्राबरोबर गुजरात आणि गोव्याचे नमुनेही तिच्या कक्षेत येतात. शिवाय परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत चिकित्सालये आहेत आणि तपासण्या होतात. इतकी यंत्रणा हाताशी असताना आपला नमुना तिथे पोचत नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते.

साथीचा संशय असला तर नमुने पशुसंवर्धन यंत्रणा स्वतः घेते आणि पाठवते. त्याचा भार पशुपालकावर येत नाही. एकट्या गायीच्या आजारात मात्र तुम्हीच डॉक्टरांना म्हणायला हवे, ‘साहेब, सुई देण्याआधी नमुना घ्या.’ सरकारी प्रयोगशाळेतली तपासणी स्वस्त असते. खरा खर्च नमुना पोचवण्याचा: थर्मास, बर्फ, एसटीचे तिकीट आणि एका माणसाचा दिवस. म्हणून गावातल्या दोन-चार गोठ्यांचे नमुने एकत्र पाठवणे शहाणपणाचे. दूध संघाची गाडी रोज शीतकेंद्रावर जातेच. संघाच्या पशुवैद्यकांशी बोलून तिच्यातून नमुने पाठवायची सोय काही ठिकाणी सहज होऊ शकते. संस्थेच्या सभेत हा विषय काढायला हरकत नाही.

कासदाह, म्हणजे दगडी, घ्या. एक सड सुजला, दुधात गाठी आल्या. सुई आणि सडात सोडायची ट्यूब सुरू झाली. पाच दिवसांचा उपचार आणि त्यानंतर औषधाचा अंश उतरेपर्यंत तीन दिवस धरले, तर आठ दिवसांचे दूध डेअरीत घालता येत नाही. बारा लिटर, ३२ रुपये: दिवसाला ३८४, आठ दिवसांचे ३,०७२. पहिले प्रतिजैविक त्या जंतूवर चालणारे नसेल आणि पाच दिवसांनी दुसरे सुरू केले, तर दूध तेरा दिवसांचे जाते, ४,९९२ रुपयांचे. औषधाचे बिल त्याच्यावर. उलट, पहिल्या सुईच्या आधी त्या सडाचे दूध निर्जंतुक बाटलीत घेतले, तर उपचार लगेच सुरू करता येतो आणि दोन-तीन दिवसांत अहवाल येतो, कोणता जंतू आणि त्याला कोणते औषध लागू पडते याचा. औषध बदलायचे झाले तर ते कागद पाहून बदलते. दुधाचा नमुना घेताना सड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा बाहेर सोडा, मग बाटलीत धार घ्या. बोट किंवा सड बाटलीच्या तोंडाला लागू देऊ नका. बाटली बर्फात ठेवा. सुई देऊन झाल्यावर घेतलेल्या दुधात जंतू उगवतच नाहीत, आणि मग ‘काही सापडले नाही’ असा निरुपयोगी अहवाल हातात पडतो.

संकरित गायींत ताप आणि सुजलेल्या गाठी दिसल्या की गोचीड तापाचा संशय येतो. त्यातल्या थायलेरियावरचे बुपारव्हाक्वोनचे इंजेक्शन महाग. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मोठ्या गायीला बाटलीच्या बाटली लागते. बॅबेसियाला मात्र वेगळे औषध. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरला आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की दोन्हींतला फरक बहुधा कळतो. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते. महागडी सुई देण्याआधी काचपट्टी मागणे हा पशुपालकाचा हक्क आहे, आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा रागही येत नाही.

शेणाची तपासणी तर लोक विसरूनच गेले आहेत. दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला जंताचे औषध पाजायचे, हा रिवाज. ताजे शेण छोट्या डबीत नेऊन दाखवले तर जंत आहेत का, आणि ते गोल आहेत की चपटे, हे कळते. शेळ्या-मेंढ्यांच्या मोठ्या कळपात एवढ्यानेच औषधाचे वर्षाचे बिल खाली येते, आणि औषधाला दाद न देणारे जंतही तयार होत नाहीत.

नमुने नासण्याची कारणे ठरलेली आहेत. रक्तातल्या पेशी पाहायच्या असतील तर जांभळ्या टोपीची नळी, हलकेच उलटसुलट केलेली. रक्तजल हवे असेल तर साधी नळी, न हलवता गोठू दिलेली. जंतू वाढवून पाहायचे असतील तर तुकडा बर्फात न्यायचा, फॉर्मॅलिनमध्ये कधीच नाही, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. ऊतीची रचना पाहायची असेल तर उलटे: दहा टक्के फॉर्मॅलिन, आणि बर्फाच्या पेटीत गोठवायचे नाही. डॉक्टरांच्या पत्रात आजारी किती, मेले किती, लस कधी दिली आणि उपचार काय झाला, हे भरून घ्या. या चार ओळी नसतील तर प्रयोगशाळेतल्या माणसाला कशाचा शोध घ्यायचा हेच कळत नाही.

एका दिवसात परसातल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या तर त्यांना पोत्यात भरून कुठेही नेऊ नका, दवाखान्याला कळवा. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला नोंदला गेला. या रोगाची पक्की तपासणी भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होते.

औषधाची चिठ्ठी

दवाखान्यात असलेले औषध तिथलेच मिळते. नसले की चिठ्ठी बाहेरची. बिल वाढते ते इथे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागा. तेच औषध दुसऱ्या कंपनीचे निम्म्या किमतीतही असू शकते. केंद्राने ५ मार्च २०२५ रोजी पशुआरोग्य कार्यक्रमात ‘पशु औषधी’ हा नवा भाग घातला. जनावरांची जेनेरिक औषधे सहकारी संस्था आणि किसान समृद्धी केंद्रांमार्फत स्वस्तात देण्यासाठी ७५ कोटी रुपयांची तरतूद त्यात आहे. तुमच्या दूध संस्थेने असे केंद्र मागायला हवे.

स्वस्त म्हणून एक गोष्ट मात्र कधीच घेऊ नका: जनावराला माणसाचे डायक्लोफिनॅक. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते टोचलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे चालणारे औषध आहे, आणि ते महागही नाही.

रेतन

कृत्रिम रेतनाचे शुल्क कमी-जास्त झाल्याची चर्चा फार होते. त्याहून महाग आहे चुकलेला माज. माज पुन्हा एकवीस दिवसांनी येतो. भाकड गायीचा दिवसाचा चारा-खुराक २०० रुपये धरला तरी एका चुकलेल्या माजाचे ४,२०० रुपये झाले. लिंगनिर्धारित रेतमात्रेने साधारण ९० टक्के कालवडी होतात. तिचा दर प्रतिमात्रा सुमारे २०० रुपयांनी खाली आणण्याच्या हेतूने स्वदेशी तंत्रज्ञानाचे उद्घाटन पंतप्रधानांनी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमला केले. या रेतमात्रेने गाभण राहण्याचे प्रमाण साध्या रेतापेक्षा थोडे कमी असते, म्हणून ती निरोगी कालवडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या वेतातल्या गायीला वापरावी. दोनदा उलटलेल्या गायीला तिसरी मात्रा भरण्याआधी गर्भाशयाची तपासणी करून घ्या. रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांत गाभण तपासणीही.

विमा आणि मदत

राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ च्या बदलानंतर पशुपालकाचा विमा हप्त्यातला वाटा १५ टक्के आहे. उरलेली रक्कम केंद्र आणि राज्य ६०:४० प्रमाणात भरतात. गायीची किंमत ७०,००० आणि हप्ता चार टक्के धरला तर पूर्ण हप्ता २,८०० आणि तुमचा वाटा ४२० रुपये. प्रत्यक्ष दर कंपनी व मुदतीप्रमाणे बदलतो. योजना तुमच्या जिल्ह्यात त्या वर्षी सुरू आहे का, हे पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे विचारा आणि किंमत ठरवताना वेत व दूध खरे सांगा.

पूर, वीज अशा आपत्तीत जनावर गेले तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीची मदत मिळते. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेले दर असे: दुधाळ गाय-म्हैस ३७,५००, ओढकाम करणारा बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. विमा आणि मदत, दोन्हींना पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल लागतो. मदतीला तलाठ्याचा पंचनामाही.

म्हणून गाय मेली की ओढून नेण्याआधी डॉक्टर आणि विमा कंपनी या दोघांना कळवा. कानातला बिल्ला काढू नका. बिल्ल्यासह तोंडाचा आणि पूर्ण जनावराचा फोटो घ्या. उन्हाळ्यात शव काही तासांतच फुगते आणि अवयवांवरून काही सांगता येत नाही, तेव्हा सकाळची वाट पाहायची असेल तर निदान सावलीत ठेवा. पण जनावर अचानक गेले असेल आणि नाक, तोंड, गुदद्वार यांतून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर ते फाडू देऊ नका, कातडे काढू देऊ नका, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका. तो फाशी रोग असू शकतो आणि शव उघडले की त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. अशा वेळी डॉक्टर कानाच्या शिरेतून रक्ताची काचपट्टी घेतात, तिच्या आधारे दाखला देतात, आणि शव खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायला सांगतात. शव फाडले नाही म्हणून दावा जाईल अशी भीती घरात असते. डॉक्टरांकडून कारण लेखी घ्या आणि तो कागद दाव्याला जोडा.